पद कोणाला, श्रेय कोणाला?

आल्डन मॉरिस यांचा ‘द स्कॉलर डिनाइड’ (२०१५) हा ग्रंथ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना आधुनिक अमेरिकी समाजशास्त्राचे जनक ठरवतो. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेल्या या कृष्णवर्णीय विद्वानाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये केवळ सहायक म्हणून घेतले. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाची घरोघर पाहणी करून घेतली. प्राध्यापकपद दिले नाही. मानद पद मिळाले ते मरणोत्तर, २०१२ मध्ये. पुढे अटलांटात त्यांनी संशोधक घडवले, श्रेय मात्र शिकागोला गेले.

चार्ल्स बूथ यांची लंडन-पाहणी आधीची असल्याने ‘जनक’ हा दावा किंचित अतिशयोक्त वाटतो. तथापि मूळ मुद्दा पटतो: नेमणूक कोणाची होते, यावरच ज्ञानाचा इतिहास कोणाच्या नावे लागणार हे ठरते. तासिका तत्त्वावर विद्वान राबवणाऱ्या आपल्या संस्थांनीही हा ग्रंथ वाचावा.