पत्र सापडलं, व्यवहार कुठे गेला?

‘पीएचडीत नेमकं काय करतेस?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, पत्रव्यवहार वाचतेय. खरं तर मी वाचतेय ती नुसती पत्रं. व्यवहार अर्धा गायब आहे.

औंधचंच बघा. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर आपल्याला वेदांचे भाष्यकार म्हणून माहीत. पण ते मूळचे व्यक्तिचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, मेयो पदकाचे मानकरी. हैदराबाद आणि लाहोरला त्यांनी स्टुडिओ चालवला. पुढे स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात त्यांनी स्वाध्याय मंडळ उभं केलं. (औंध आज सातारा जिल्ह्यात, त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीत.) गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रं गांधीजींच्या समग्र वाङ्मयात आहेत.

अडचण इथेच आहे. समग्र वाङ्मय एकाच माणसाचं असतं. समोरच्याने काय विचारलं, ते फार तर तळटीपेत. फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसावं तसं वाटतं. जी. ए. कुलकर्णींची सुनीताबाईंना लिहिलेली पत्रंही आपण आधी अशीच वाचली; सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी. ए.’ मधून वेगळी आली. सातवळेकरांच्या बाबतीत माझ्यासमोर असं दुसरं पुस्तक नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात सातवळेकर फक्त ‘पत्र मिळालेली व्यक्ती’ होते. गाईडनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘चित्रकार कुठाय?’ दोन दिवस राग आला. मग पटलं.

पोर्ट्रेटमध्ये चित्रकार दिसत नाही. पण समोरच्याला कुठे बसवायचं, उजेड कुठून घ्यायचा, हे तोच ठरवतो. पत्रातही तसंच. लिहिणारा कुठल्या मुद्द्यावर थांबून खुलासा करतो, ते बरंचसं विचारणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून आता मी प्रत्येक उत्तरापुढे एकच प्रश्न टाकते: हे का सांगावं लागलं? हरवलेलं पत्र मात्र मनाने लिहायचं नाही. रिकामी जागा रिकामीच दाखवायची.

एक विनंती. आलेलं पत्र घरात जपलं जातं, आपण धाडलेल्याचा कच्चा खर्डा रद्दीत जातो. सातारा-सांगलीकडच्या जुन्या ट्रंका आवरताना तेवढा खर्डा बाजूला ठेवा. व्यवहाराचा उरलेला अर्धा भाग त्यातच असतो.