चेहरा नसलेले व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्र या प्रकाराचा मूलभूत संकेत साम्याचा आहे. चित्रित व्यक्ती ओळखू यावी, आणि ती मुख्यतः चेहऱ्यावरून ओळखू यावी, हे त्यात गृहीत असते. मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांच्या मदर तेरेसा-मालिकेत नेमका हाच संकेत मोडला आहे. चेहऱ्याच्या जागी काळोखी पोकळी, तिच्याभोवती निळ्या काठाची पांढरी साडी आणि मांडीवर एखादे मूल वा आडवा पडलेला देह. तरीही ओळख पटते. ती पटवतो तो साडीचा काठ.

या पोकळीचे रूढ स्पष्टीकरण चरित्रात्मक आहे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांची आई त्यांच्या शैशवातच वारली आणि तिचा चेहरा त्यांच्या स्मरणात नव्हता. हे खोटे नाही. परंतु त्यातून चित्राच्या निर्मितीचे कारण कळते, अर्थ नव्हे. शिवाय हुसेनांच्या इतरही अनेक स्त्रीप्रतिमा चेहऱ्याविना आहेत. मग याच मालिकेचे वेगळेपण कशात शोधायचे?

ते वस्त्राच्या चिन्हव्यवस्थेत आहे. ही साडी एका स्त्रीची नाही. १९५० साली स्थापन झालेल्या संघातील सर्वच भगिनींची ती आहे. म्हणून काठ व्यक्तीचा निर्देश करतो आणि त्याच क्षणी तिला समूहात विरघळवतो. मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’त पुत्राचा देह मांडीवर घेतलेल्या मातेचे दुःख तिच्या मुखावर वाचता येते, येथे ते वस्त्राच्या चुण्यांत आणि हातांत शोधावे लागते. १९७९ च्या नोबेल पुरस्काराने जगभर पोचलेला छायाचित्रातील चेहरा चित्रकाराने नाकारला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. स्त्रीचे व्यक्तित्व पुसून तिला केवळ ‘माता’ म्हणून गौरविण्याची जी परंपरा आहे, तिचेच हे आधुनिक रूप नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. चित्रातील स्त्री देते, सावरते; तिला काय वाटते, हे चित्र विचारीत नाही. मात्र दिनदर्शिकांवरील वत्सल स्मितही ते तिच्यावर लादत नाही. मन दाखविले नाही, तसे ते खोटेही रंगविले नाही.

या संयमाचे मोल २००७ नंतर अधिक जाणवते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मदर तेरेसा यांच्या पत्रांतून त्यांनी दशकानुदशके सोसलेला आंतरिक अंधार उघड झाला. चित्रे रंगविताना हुसेनांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तरीही त्या काळ्या पोकळीचे वाचन आता पूर्वीसारखे होऊ शकत नाही. कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या चरित्रात बंदिस्त करणाऱ्या समीक्षेला या वाचनाची दखल घ्यावी लागेल.