त्रयीतील रिक्त स्थान

तीन वादकांच्या रॉक बँडांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, हा रॉक संगीताच्या रसिकांमधील जुना वाद आहे. ‘क्रीम’, ‘जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरिअन्स’, ‘रश’, ‘द पोलीस’, ‘निर्वाणा’ ही नावे त्यात पुनःपुन्हा येतात आणि निकाल मात्र लागत नाही. अभिरुचीची भिन्नता एवढेच ह्याचे कारण नाही. वादात गृहीत धरलेला निकषच सदोष आहे. प्रत्येक पक्ष आपल्या बँडमधील गिटारवादक, बेसवादक व ड्रमवादक ह्यांचे गुण स्वतंत्रपणे मोजतो आणि त्यांची बेरीज प्रतिपक्षापुढे ठेवतो. अशा बेरजेने तीन श्रेष्ठ वादक सिद्ध होतील. श्रेष्ठ त्रयी सिद्ध होणार नाही. चौघांच्या किंवा पाचजणांच्या बँडलाही तीच मोजपट्टी लावता येते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा अपुरेपणा उघड होतो. त्रयीचे मूल्यमापन करावयाचे तर तिचे त्रयीपण कशात आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे.

त्यासाठी नुसती डोकी मोजून भागत नाही. ‘द हू’ आणि ‘लेड झेपेलिन’ हे चौघांचे बँड. परंतु गायक वगळला तर त्यांत वाजणारी वाद्ये मुख्यतः तीनच. उलट 1970 साली स्थापन झालेल्या ‘इमर्सन, लेक अँड पामर’मध्ये माणसे तीन, पण संगीताचा मुख्य भार कळफलकाच्या वाद्यांवर, दहाही बोटांनी वाजणाऱ्या त्या वाद्यांमुळे तेथे उणीव अशी फारशी जाणवत नाही. म्हणून प्रस्तुत विवेचन गिटार, बेस आणि ड्रम एवढ्याच वाद्यांवर उभ्या असलेल्या आणि त्यांच्या वादकांपैकीच कोणीतरी गात असलेल्या त्रयींपुरते मर्यादित आहे. अशा त्रयीत दुसरी गिटार नसते. ‘बीटल्स’सारख्या बँडमध्ये एक गिटार स्वरसंघांचा आधार धरून ठेवते, तेव्हा दुसरीला स्वैर विहार करता येतो. त्रयीतील गिटारवादक स्वरसंघ सोडून एकल वादनाकडे वळला, की खाली बेस, वर गिटार आणि मधला थर रिकामा, अशी अवस्था होते. ह्या रिक्त स्थानाचे काय करावयाचे, हा प्रत्येक त्रयीपुढील मूलभूत प्रश्न होय.

अभाव हाही रचनेचा घटक असू शकतो, ही कल्पना व्याकरणाला अपरिचित नाही. पाणिनीय परंपरेने लोपाला शास्त्रात स्थान दिले आहे. मराठीत ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ ह्या वाक्यांतील ‘दगड’ हे रूप एकच आहे. अनेकवचनाचा प्रत्यय नामात दिसत नाही, तो क्रियापदावरून कळतो. शेजारच्या घटकांनी अर्थ पुरविला, तर रिकामी जागा ही उणीव राहत नाही. मात्र हा दृष्टान्त एका मर्यादेपर्यंतच ताणावा. भाषेत ही व्यवस्था बोलणाऱ्याला आयती मिळते; संगीतात ती वादकांना कमवावी लागते.

‘क्रीम’ने (1966–68) हे स्थान विपुलतेने भरून काढले. जॅक ब्रूस ह्यांचा बेस केवळ खर्जाचा आधार देत नाही. तो गिटारच्या बरोबरीने स्वतंत्र चाल चालतो. जिंजर बेकर ह्यांचे ड्रमवादनही साथीपुरते थांबत नाही. परिणामी एरिक क्लॅप्टन ह्यांच्या गिटारभोवती पोकळी उरत नाही; तीन एकल वादने एकाच वेळी चालू राहतात. 1968 च्या ‘व्हील्स ऑफ फायर’मधील मंचावरील ध्वनिमुद्रणांत ह्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही ऐकू येतात. तिघेही बोलत असतात. परंतु दुसऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत कोणी थांबतोच असे नाही. त्याच संग्रहाच्या स्टुडिओतील भागात निर्माते फेलिक्स पापालार्डी ह्यांनी व्हायोलासारखी वाद्ये वाजविली आहेत. म्हणजे तेथे ‘क्रीम’ काटेकोर अर्थाने त्रयी उरत नाही.

‘एक्स्पीरिअन्स’चा मार्ग वेगळा. हेंड्रिक्स डाव्या बाजूच्या वादकाच्या पद्धतीने गिटार धरीत आणि अंगठा मानेवरून आणून खालच्या पट्टीतील स्वर दाबीत. त्यामुळे इतर बोटे स्वरसंघाभोवती अलंकार गुंफण्यास मोकळी राहत. 1967 च्या ‘लिटल विंग’मध्ये आधार व विहार ही दोन्ही कामे एकच हात करताना ऐकू येतो. गैरहजर वादक येथे हजर वादकाच्या पोटात सामावलेला आहे. ही असामान्य सिद्धी खरी. परंतु ती त्रयीची की व्यक्तीची? मिच मिचेल ह्यांचे जॅझच्या वळणाचे ड्रमवादन हेंड्रिक्सना उत्तर देते, हे मान्य करावयास हवे. तथापि 1968 च्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’मध्ये काही ठिकाणी नोएल रेडिंग ह्यांच्या ऐवजी स्वतः हेंड्रिक्स बेस वाजवितात आणि ऐकणाराला रचना मोडल्यासारखी वाटत नाही. जिच्यातील एक घटक असा बदलता येतो, तिचे ऐक्य त्या घटकावर अवलंबून नव्हते, असेच म्हणावे लागते.

टोरांटोच्या ‘रश’ने रिक्त स्थान झाकले. गेडी ली गात असताना बेस वाजवीत, पायांनी खर्जाच्या पट्ट्या दाबीत आणि प्रसंगी सिंथेसायझरही सांभाळीत. श्रमविभागणीचे हे नमुनेदार उदाहरण आहे. पण 1981 च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’चा नाद कान मिटून नव्हे, डोळे मिटून ऐकला, तर तो तिघांचाच आहे असे वाटत नाही. तीन माणसांनी पाचांचे काम करावे, हे कौतुकास्पद. त्यातून तीन ह्या संख्येला सौंदर्यमूल्य प्राप्त होते, असे मात्र नव्हे.

‘निर्वाणा’ने पोकळीचा उपयोग विरोधासाठी केला. 1991 च्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’च्या कडव्यांत गिटार जवळजवळ दोन स्वरांपुरती उरते, आणि ध्रुवपदात तीच भिंतीसारखी उभी राहते. रिकामेपणाला येथे अर्थ आहे. परंतु ध्वनिमुद्रणातील ती भिंत एकाच गिटारचे थर एकमेकांवर चढवून बांधलेली आहे. 1993 साली मंचासाठी पॅट स्मिअर हे दुसरे गिटारवादक घेण्यात आले, हे ह्या दृष्टीने सूचक आहे.

रिक्त स्थान रिक्तच ठेवून त्याला बोलते करण्याचे कार्य ‘द पोलीस’ने केले. 1977 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ह्या त्रयीने जमैकातील रेगेपासून ठेका घेतला. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर आघात येतो. मराठी श्रोत्याला येथे तीनतालातील खाली आठवेल. पण खाली आवर्तनातील स्थान दाखविते, तर ही मोकळी मात्रा आघाताची अपेक्षा निर्माण करून ती लांबणीवर टाकते. 1979 च्या ‘वॉकिंग ऑन द मून’मध्ये स्टिंग ह्यांच्या बेसची मोजकी स्वरावली, अँडी समर्स ह्यांचा प्रतिध्वनीत विरत जाणारा स्वरसंघ आणि स्ट्युअर्ट कोपलंड ह्यांच्या झांजांवरील बारीक काम, ह्यांपैकी एकही घटक स्वतःपुरता पूर्ण नाही. प्रत्येकाचा अर्थ इतर दोघांवरून लागतो. त्यांतील एक काढला तर उरलेले दोन तोकडे पडतात. चौथा घातला तर बोलणारी जागाच बुजते. मार्च 1980 मध्ये मुंबईत जे ‘द पोलीस’ वाजले, ते ह्याच टप्प्यावरचे.

ह्या निष्कर्षावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हा निकष मितभाषी संगीताला झुकते माप देतो. परंतु मितव्यय हा येथे निकष नाही. परस्परावलंबन हा आहे, आणि विपुल वादनातही ते साधू शकते. ‘क्रीम’ला ते काही क्षणी साधलेही आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्वतः ‘द पोलीस’ ह्या मार्गावर टिकले नाहीत. 1981 च्या ‘घोस्ट इन द मशीन’मध्ये कळफलक व सॅक्सोफोन आले, आणि 1983 च्या दौऱ्यात सहगायिका आल्या. हे नाकारण्याचे कारण नाही. त्यावरून श्रेष्ठत्वाचा काळ मर्यादित करावा लागतो, एवढेच. 1978 ते 1980 ह्या अवधीतील तीन संग्रहांपुरते ‘द पोलीस’ हे रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ त्रिकूट ठरतात. हेंड्रिक्स त्या तिघांहून थोर वादक होते, ह्या विधानाला त्यामुळे बाध येत नाही. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे मानल्यामुळेच हा वाद इतकी वर्षे अनिर्णीत राहिला आहे.