गंजाची उपमा आणि गोळीचा दावा

खडकवासल्याच्या एका शाळेतील विज्ञान शिक्षिकेने मध्यंतरी माझ्या हाती एक जाहिरातपत्रक दिले. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्राचे ते होते. वर गंजलेल्या खिळ्याचे चित्र आणि खाली मजकूर : लोखंड गंजते तशा पेशीही गंजतात, आमच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या आणि टेस्ट ट्यूब उपचाराचे यश वाढवा. बाईंनी विचारले, "ऑक्सिडीकरणाच्या धड्याला हे उदाहरण म्हणून चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पत्रकातील मूळ मुद्दा खरा आहे. पेशीत ऊर्जा तयार होताना काही ऑक्सिजनचे क्षपण अर्धवट होते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी क्रियाशील रूपे निर्माण होतात. पेशीतील विकरे त्यांचा निचरा करतात. निर्मिती वाढली किंवा निचरा अपुरा पडला की जी स्थिती येते तिला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. शुक्रजंतूला तो विशेष बाधतो, कारण त्याच्या पटलात सहज ऑक्सिडीकरण होणारी असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि पेशीद्रव अगदी थोडा असल्याने संरक्षक विकरेही तुटपुंजी असतात. १९४३ मध्येच जॉन मॅक्लिओड यांनी दाखवून दिले होते की, भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या मानवी शुक्रजंतूंची हालचाल मंदावते; हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटॅलेज हे विकर मिसळले तर ती टिकते.

चूक सुरू होते ती उपमेपासून. गंज खिळ्याच्या काहीच कामाचा नसतो; क्रियाशील ऑक्सिजन मात्र पेशीच्या कामाचा असतो. १९९० च्या दशकात लामिरांद व गॅन्यों या संशोधकांना आढळले की, अंडपेशीचे फलन करण्याची क्षमता येण्यासाठी शुक्रजंतूला थोडे सुपरऑक्साइड लागतेच. ते नष्ट करणारे विकर मिसळले की ही तयारी अडते. खडकवासल्याच्या मुलांना हे सांगायला खिळ्यापेक्षा धरण बरे. धरणातून मोजून सोडलेल्या पाण्यावर पुणे जगते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले, तेव्हा त्याच पाण्याने शहराची दैना केली. म्हणून धरण कोरडे ठेवा असे कोणी म्हणाले नाही. प्रश्न प्रमाणाचा असतो.

आता गोळीकडे वळू. ताण घातक आहे आणि गोळी ताण कमी करते असे मानले, तरी गोळीने मूल होते हे आपोआप सिद्ध होत नाही. ते तपासावे लागते. लहान लहान चाचण्यांत आशादायक आकडे आले होते. मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाहीत. अशा गोळ्यांत बहुधा असणारे जस्त आणि फॉलिक आम्ल यांची चाचणी अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झाली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी घेतलेल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेतलेल्या गटात ३५ टक्के. शुक्रजंतूंतील डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण तर औषधाच्या गटात किंचित जास्तच निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, जीवनसत्त्व क, ई, सेलेनियम आदींच्या एकत्रित गोळीच्या १७१ जोडप्यांवरील चाचणीतही फायदा दिसला नाही. ज्यांच्यात हा ताण खरोखर जास्त आहे अशा मोजक्या पुरुषांना उपयोग होईलही. पण सरसकट गोळी देण्याला यातून आधार मिळत नाही.

पत्रकातील 'यश' हा शब्दही तपासावा. शुक्रजंतूंची संख्या वाढणे, अंडपेशीचे फलन होणे, गर्भधारणेची चाचणी होकारार्थी येणे आणि मूल जन्मणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली, तेव्हा यशाचा अर्थ स्पष्ट होता : मूल जन्माला आले होते आणि पद्धतीची शास्त्रीय नोंद होती. पत्रक मात्र यापैकी कोणते यश, ते सांगत नाही.

गंमत अशी की, ऑक्सिजनच्या अभ्यासाचा लाभ या उपचाराला झाला आहे, पण तो प्रयोगशाळेत. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. गर्भनलिकेत त्याहून बराच कमी. भ्रूण वाढवण्याच्या पेटीत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास ठेवला तर मूल जन्मण्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष कॉक्रेनच्या २०१२ मधील आढाव्यात निघाला. या सुधारणेसाठी जोडप्याला काहीच गिळावे लागत नाही.

गोळी निरुपद्रवी असली तरी वाट पाहणे तसे नसते. पस्तिशीनंतर स्त्रीच्या अंडपेशींची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने घटत जाते. गोळीच्या भरवशावर गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत, आणि पतीचे धूम्रपान, जे हा ताण निश्चित वाढवते, तसेच चालू राहते.

तेव्हा बाईंनी हे पत्रक वर्गात जरूर न्यावे. फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : यात खरे काय आहे? उपमा कुठे तुटते? कशाची तुलना कशाशी केली आहे? उद्या याच मुलांपैकी कोणी असे पत्रक हाती घेऊन दवाखान्यात बसलेले असेल. त्या वेळी हे तीन प्रश्न त्यांना आठवले, तर धडा शिकवल्याचे सार्थक होईल.