बावीस क्रमांकाची खोली

'द ट्वायलाइट झोन' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९५९ ते १९६४ या काळात गाजली. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवरील 'गहिरे पाणी' ज्यांनी पाहिले, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. तिच्यातील 'ट्वेंटी टू' हा भाग १० फेब्रुवारी १९६१ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. त्याचे बीज ई. एफ. बेन्सन यांच्या १९०६ सालच्या 'द बस-कंडक्टर' या कथेत आहे.

लिझ पॉवेल ही नर्तकी अतिश्रमाने खचून रुग्णालयात आहे. तिला वारंवार एकच स्वप्न पडते. घशाला कोरड, हातून निसटून फुटणारा पेला, पावलांचा आवाज, तळघरात उतरणारी लिफ्ट आणि बावीस क्रमांकाची खोली. ते शवागार. दारातली परिचारिका लाघवी स्वरात सांगते, की आत आणखी एकीची सोय आहे. पुढे विमानतळावर, बावीस क्रमांकाच्या विमानाच्या दारात, तोच चेहरा हवाईसुंदरीच्या वेषात तेच शब्द उच्चारतो. लिझ किंचाळत माघारी पळते. विमान उडते आणि आकाशात त्याचा स्फोट होतो.

खर्च वाचवण्यासाठी हा भाग फिल्मऐवजी व्हिडिओफितीवर चित्रित झाला. चित्र सपाट दिसते. पण रुग्णालयाच्या त्या कोरड्या उजेडात शवागाराचे दार मला अधिकच खरे भासले. स्वप्नातील एखादी कृती बदलून पाहा, असे डॉक्टर सुचवतात. ती पेल्याऐवजी सिगारेटकडे हात नेते. पेला तरीही फुटतो. सारे भय या एका प्रसंगात एकवटले आहे.

आक्षेप आहे तो शेवटाविषयी. इशारा मिळाला एकीला, मेले मात्र विमानातले सगळे. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्या लक्षात राहत नाही. त्यांचे मरण म्हणजे लिझचे स्वप्न खरे ठरल्याचा केवळ पुरावा! संत मत्तयच्या शुभवर्तमानातही स्वप्नात सावध झालेला योसेफ बालकाला व त्याच्या मातेला घेऊन रातोरात इजिप्तला निघतो. परंतु मत्तय त्यानंतर बेथलेहेमकडे वळतो आणि मारल्या गेलेल्या बालकांसाठीचा आक्रोश आपल्याला ऐकवतो.

खुलताबादसारख्या मकबऱ्यांच्या गावी मरणाची आठवण व्हायला स्वप्न लागत नाही. तरीही वाईट स्वप्न पडले म्हणून प्रवास रद्द करावा का, असे विचारायला माणसे धर्मगुरूकडे येतात. भविष्याविषयी अनाठायी कुतूहल नको, असे १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने बजावले आहे. लिझचे स्वप्न मात्र खरे ठरते, म्हणून हा भाग मुलांसोबत पाहावा आणि संपल्यावर त्यांना विचारावे, की तिची किंकाळी ऐकून ते विमान कुणीच का थांबवले नाही?