गावोगावचे घसरगुंडीवीर

दोन माणसांचं वैर कोर्टात जातं, दोन गावांचं वैर जत्रेत जातं. म्हणून मला गावांचं वैर जास्त निरोगी वाटतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही जत्रेतली कुस्त्यांची दंगल बघा. मल्लाचं नुसतं नाव पुकारलं तर फडावर सामसूम असते. ‘हदगावचा पठ्ठ्या!’ म्हटलं की मग शेंगा खाणारे हात थांबतात. माणूस कुणाचा कोण, पण गाव कोणतं हे आधी कळायला पाहिजे.

ही साधी गोष्ट युरोपातल्या टेलिव्हिजनवाल्यांना आपल्या मानानं उशिरा कळली. फ्रान्समध्ये १९६२ साली गी लुक्स नावाच्या गृहस्थानं गावांच्या लढतींचा ‘अँतरव्हील’ हा कार्यक्रम काढला. त्यात मैदानात चक्क गोऱ्हेवजा उनाड गायी सोडत आणि खेळाडूंनी त्यांच्यासमोर कसरती करायच्या. पुढं जनरल द गोल यांच्या मनात आलं म्हणे, की फ्रेंच आणि जर्मन पोरांनी एकमेकांशी असं काही गमतीचं खेळावं. दोन महायुद्धं लढून झाल्यावर सुचलेला हा विचार मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. १९६५ साली ‘जो सां फ्रॉंतिएर’, म्हणजे ‘सरहद्दीविना खेळ’, सुरू झाला. आधी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि इटली. १९६७ साली इंग्रजही आले. १९८२ साली तो बंद पडला, १९८८ साली पुन्हा उभा राहिला आणि १९९९ साली कायमचा आडवा झाला.

त्याचे जुने भाग मी हल्ली पोराच्या मोबाईलवर बघितले. (पोरगं म्हणतं, ‘बाबा, तुम्ही काय बघून राहिलात हे?’) काय असतं त्यात? साबण लावलेल्या फळीवरून एक गृहस्थ पाण्याच्या बादल्या घेऊन पळतात. पाठीला रबराचा दोर बांधलेला असतो, तो त्यांना मागं ओढतो. पुरुषभर उंचीचं कागदी डोकं घातलेला दुसरा गृहस्थ आंधळ्यासारखा येऊन त्यांच्यावर आपटतो आणि दोघंही हौदात. त्याला गुण मिळतात! प्रत्येक गावाकडं एक ‘जोकर’ असतो. खेळाआधी तो लावला की त्या खेळाचे गुण दुप्पट. झालं. याला ना कथा, ना संवाद, ना संदेश.

समीक्षक म्हणून सांगायचं तर कार्यक्रम पाल्हाळिक आहे. हौद फार आहेत. तिसऱ्या हौदानंतर हसू येत नाही, सर्दी होईल अशी काळजी वाटते. पण एक गोष्ट मला त्यात विलक्षण वाटली. पडणारा माणूस हसत उठतो. तो बेकरीवाला असेल, पोष्टातला असेल. आपल्याला त्याचं नाव कळत नाही, त्याच्या आईचं दुखणं कळत नाही. छातीवर फक्त गावाचं नाव. आपल्याकडच्या गाण्याच्या स्पर्धेत पोरगं सूर लावायच्या आधी त्याच्या घरचं दारिद्र्य दाखवतात, तसला प्रकार नाही.

आणि हे नामानिराळेपणच कार्यक्रमाचा प्राण होता, याचा पुरावा इंग्रजांनी दिला. १९८७ साली त्यांच्याकडं राजपुत्र एडवर्ड यांनी धर्मकार्यासाठी असाच सामना भरवला. संघनायक कोण? ते स्वतः, राजकन्या ॲन, राजपुत्र अँड्र्यू आणि त्यांची पत्नी. बाकी नटनट्या. मग पत्रकारांना पुरेसं कौतुक वाटेना म्हणून राजपुत्र रागावून निघून गेले. बेकरीवाला चिखलात पडला तर गाव हसतं. राजा पडला तर राज्याची चर्चा होते. असल्या खेळाला मोठी माणसं चालत नाहीत.

आपल्याकडं गावांची लढत टीव्हीवर आलीच नाही असं नाही. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप हा त्यातलाच. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली; साताऱ्याकडचं वेळू पहिलं आलं. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, हे आमच्या भागातला माणूस विसरणार नाही. पुढं ‘तुफान आलंया’ हा कार्यक्रम निघाला. काम मोठं, त्यावर माझ्यासारख्यानं बोलू नये. पण कार्यक्रमावर बोलतो. चाळीस-पंचेचाळीस दिवस अख्खं गाव उन्हात चर खोदतंय आणि त्यात कुणी एकदाही थट्टा केली नाही? सरपंचाचं टिकाव धरणं बघून एकही बाई पदर तोंडाला लावून हसली नाही? असलं गाव महाराष्ट्रात नाही. हसलेच असतील. कॅमेऱ्यानं मात्र डोळ्यातलं पाणी तेवढं टिपलं आणि मागं संगीत लावलं.

हे मला लागतं, कारण आमच्यासारखं गाव पडद्यावर येतं तेच मुळी रडायला. पैनगंगेला पूर आला, सोयाबीन गेलं, कुणी शेतकऱ्यानं जीव दिला की माईकवाला येतो. ‘आता कसं वाटतंय?’ आम्हाला पाण्यात पडताना सगळ्यांनी बघितलंय, पण हसत बाहेर निघताना कुणी दाखवलं नाही.

खरं म्हणजे ‘सरहद्दीविना खेळ’ भरवायला आमच्यासारखी जागा नाही. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं उमरखेडला वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल. १९४८ साली हैदराबाद संस्थान गेलं, पण सोयरिकी त्याआधीही नदी ओलांडतच होत्या. वरातीला कुठली आली सरहद्द! इकडं हदगाव, भोकर, किनवट. पलीकडं तेलंगणातलं आदिलाबाद. मराठी, तेलुगू, उर्दू अशी तिन्ही भाषांत शिव्या देणारे प्रेक्षक फुकट.

मी हा बेत शेजारच्या किराणा दुकानदारांपुढं मांडला. तेलाच्या डब्यावर बसलेले एक निवृत्त गुरुजीही ऐकत होते.

‘ते फळीला साबण लावायचं म्हणता, तो कोण देणार?’ सावकारांनी आधी विचारलं.

‘साबणाचं सोडा हो,’ गुरुजी म्हणाले. ‘संघात कोण जाणार? यादी करायलाच तीन वर्षं लागतील. अन् तो जोकर कधी लावायचा, त्यावर गावात दोन पार्ट्या पडतील.’

‘अन् पंच?’ सावकार म्हणाले. ‘हदगावचा पंच आणला तर आपली पोरं खेळायची नाहीत. आपला दिला तर भोकरवाले उठून जातील.’

मी सांगितलं की तिकडंही हीच भीती होती. म्हणून ओलिव्हिएरी आणि पांकाल्दी हे दोन स्विस पंच वर्षानुवर्षं शिट्ट्या फुंकत राहिले. परक्या मुलखाचा माणूस, कुणाच्या सोयरिकीत नाही.

यावर गुरुजींनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘स्वित्झर्लंडचा माणूस आणला तरी गुरुजी, त्याचं जेवण कुणाच्या घरी ठेवायचं? ज्याच्या घरी जेवंल, त्याच्याकडून बोलंल.’

मी म्हटलं, ‘अहो गुरुजी तर तुम्ही!’

‘सवय हो,’ ते म्हणाले आणि सावकारांकडं पावशेर शेंगदाणे मागितले.