वाड्यातला वाढदिवस

आपल्या रंगभूमीवर वाडे पुष्कळ झाले. पण त्या वाड्यांत कुणा वडीलधाऱ्या माणसाचा वाढदिवस साजरा होताना सहसा दिसत नाही. पांगलेले कुटुंब एका छपराखाली आणायचे असले, की आपला नाटककार लग्न काढतो, वाटणी काढतो, नाहीतर घरातल्या कर्त्या माणसाला पडदा उघडण्यापूर्वीच मारून मोकळा होतो. यात त्याची सोय किती आणि आपली खरी रीत किती? हा प्रश्न एका थोर नाटकाच्या संदर्भात विचारावा असे फार दिवस मनात होते. ते नाटक म्हणजे महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’. ऐन सणात तेराव्याच्या नाटकाची गोष्ट काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट शेवटी वाढदिवसाचीच आहे.

आधी परक्या घरात डोकावू. टी. एस. एलियट या इंग्रजी कवीचे ‘द फॅमिली रियुनियन’ हे पद्यनाटक 1939 साली लंडनला रंगभूमीवर आले. उत्तर इंग्लंडातले विशवुड नावाचे जुने खानदानी घर, आणि त्या घराच्या वृद्ध मालकिणीचा, एमीचा, वाढदिवस. बहिणी, दीर जमले आहेत; तिघे मुलगे यायचे आहेत. थोरला हॅरी आठ वर्षांनी घरी येतो. त्याला सारे जसेच्या तसे सापडावे म्हणून एमीने घरात काहीही बदलू दिलेले नाही. पण धाकटे दोघे वाटेतल्या अपघातांमुळे पोहोचतच नाहीत, हॅरी आल्या पावली निघून जातो, आणि वाढदिवसाच्याच रात्री म्हातारी प्राण सोडते. शेवटी पेटलेल्या मेणबत्त्यांचा केक आणला जातो, दोन बायका त्याच्याभोवती उजवीकडून फिरतात आणि दर फेरीला काही मेणबत्त्या फुंकून विझवतात.

ही जवळजवळ प्रदक्षिणाच झाली! फरक एवढाच, की त्यांच्या वाढदिवशी दिवा फुंकायचा असतो आणि आपल्या वाढदिवशी तो ओवाळायचा असतो. आपल्याकडे वाढदिवस नाहीत असे नाही. साठीची शांत आहे, पंचाहत्तरी आहे, आणि ऐंशी वर्षे उलटून काही महिने गेले की सहस्रचंद्रदर्शन आहे. वर्षाला बारा-तेरा पौर्णिमा धरल्या तर हजार पूर्ण व्हायला साधारण तेवढीच वर्षे लागतात. हिशेब चोख आहे. मुली-सुना ओवाळतात, नातवंडे पाया पडतात, आणि जिवंत माणसाला तो अजून आपल्याला हवा आहे हे चारचौघांत सांगितले जाते. शब्दांत हे सांगायला आपण मराठी माणसे फार लाजतो. म्हणूनच तो विधी.

आता धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात येऊ. 1985 साली विजया मेहता यांनी हे नाटक मुंबईत रंगभूमीवर आणले. विदर्भातला ऐसपैस वाडा, वतनदारी संपलेली, भिंती पोखरत चाललेल्या, दारापुढे नुसताच पडून राहिलेला ट्रॅक्टर. तात्याजी वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन येतो. थोरला भास्कर घराण्याच्या इभ्रतीला साजेसे दिवसकार्य करायचे म्हणतो. त्यासाठी पैसा नाही. या एका खर्चाभोवती नाटककाराने सारे घर उभे केले आहे: जमिनीचा तुकडा, वाड्याचा हिस्सा, घराण्याचे सोने, आणि त्या सोन्याकडे चोरून वळणाऱ्या सगळ्यांच्या नजरा.

मृत्यूचा प्रसंग निवडण्यात एलकुंचवारांनी सोय पाहिली नाही, असे माझे मत आहे. वाढदिवसाचे बोलावणे टाळता येते. साहेबाने रजा दिली नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, एवढे पत्र टाकले की भागते. एलियटच्या नाटकात दोन मुलगे येतच नाहीत, त्याचे कारण हेच, की तिथे न येणे शक्य आहे. बापाच्या तेराव्याला न येणे आपल्याकडे शक्य नाही. म्हणून आपल्या घरातले सत्य एकत्र बसलेले पाहायचे तर ते सुतकातच पाहावे लागते. नाटककाराने समाजाची नाडी बरोबर पकडली आहे, आणि हेच या नाटकाचे पहिले यश.

या नाटकाचे कौतुक करताना ‘अस्तंगत होणाऱ्या वाडासंस्कृतीचे करुण चित्र’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला तो मान्य नाही. करुणा आहे, पण ती वाड्याबद्दल नाही. वाड्यात अडकलेल्या माणसांबद्दल आहे. प्रभाला शिकायचे होते; घराण्याच्या अब्रूपायी तिचे शिक्षण थांबले. चंदू बिनलग्नाचा गडी होऊन राबतो. त्याच्या पायाच्या जखमेकडे पाहायला कुणाला सवड नाही. वहिनी अख्खा संसार ओढते, आणि एका रात्री अंगावर सोने चढवते तेव्हा घटकाभर घरंदाज राणीसारखी दिसते. तो प्रसंग सुंदर आहे आणि भयंकरही आहे. कारण ते वैभव आता फक्त बंद खोलीत घालून पाहण्यापुरते उरले आहे. असा वाडा पडला तर रडायचे कशासाठी? नाटककार रडत नाही, तो हिशेब मांडतो.

या हिशेबातली सर्वांत बोलकी रक्कम म्हणजे दादी. तात्याजींची ही आई पतवंडे पाहून बसली आहे. एका कोपऱ्यात पडून ती वेळ विचारीत असते. मुलगा गेल्याचे तिच्या मनापर्यंत पोहोचलेले नाही. तिचे हजार चंद्र केव्हाच उलटून गेले असणार. पण नाटकात ते कुणी मोजलेले नाहीत. गेलेल्यासाठी जमीन विकायची बोलणी चालली आहेत, आणि असलेलीला वेळ सांगायला कुणी थांबत नाही! मला या नाटकाचे मर्म इथे दिसते. ज्या घरात ओवाळणे थांबते, त्या घराला पिंडदानच तेवढे थाटात करता येते.

दोष दाखवायचाच तर रंजूच्या बाबतीत दाखवीन. सिनेमाच्या वेडापायी ही पोर शिकवणीच्या मास्तराबरोबर सोने घेऊन मुंबईला पळते, आणि सोन्याचा प्रश्न एका फटक्यात निकालात निघतो. कथानकाला ही घटना उपयोगी आहे. पण प्रभाला जेवढी समजूत मिळाली तेवढी रंजूला मिळत नाही. त्याच भिंतींत ती गुदमरते आहे, मग तिचेच गुदमरणे थोडे हास्यास्पद का?

एलकुंचवारांनी पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून ही त्रयी पूर्ण केली. चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 साली तिन्ही नाटके सलग सादर केली. या त्रयीला 2002 साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण पहिल्या नाटकाचा खरा प्रेक्षक गिरगाव-दादरचा आहे असे मला नेहमी वाटते. साहित्य संघात किंवा शिवाजी मंदिरात खुर्चीवर बसलेला माणूस हा बहुधा सुधीरच असतो. त्याला वाटते, आपण शहाणे, वेळीच बाहेर पडलो. परळ-लालबागच्या चाळीतल्या कोकणच्या माणसालाही गावच्या घराबद्दल असेच काहीसे वाटत असते. घर हवे, पण कौले दुसऱ्या कुणी शाकारावीत. नाटक त्याला हळूच विचारते, की बाबा रे, तू बाहेर पडलास तेव्हा तुझ्या वाटणीचे काम कुणाच्या अंगावर टाकून आलास? प्रभाच्या, चंदूच्या, वहिनीच्या. हा प्रश्न घरी घेऊन जाणारा प्रेक्षक नाटक पाहून आला. बाकीचे वाडा पाहून आले.

अलीकडे जुने वाडे डागडुजी करून समारंभांना भाड्याने दिले जातात. तिथे आजीच्या ऐंशीचा सोहळा होतो, फोटो निघतात, पंगती उठतात. यात वाईट काही नाही. सुतकाची वाट न पाहता माणसे जमली, हे चांगलेच झाले. मात्र त्या पंगतीत वाढणारे हात कोणाचे, आणि ते पानावर केव्हा बसणार, एवढे जरा पाहावे. आणि कोपऱ्यातून कुणी वेळ विचारलीच, तर थांबून सांगावी.